गाडीतले घर शिवारात उभे करताना

कार्ल्याला शेतावर कॅरॅव्हॅन लावता येते का? परवानगी कुणाची घ्यायची, शेतकऱ्याची की तहसीलदारांची? स्वतःच्या गाडीत झोपलो तर पोलीस येऊन उठवतील का? गाडीतल्या शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची? मुंबई-पुण्याकडच्या वाचकांकडून हे प्रश्न हल्ली सतत येतात. समाजमाध्यमांवर पवनेकाठच्या तंबूंची आणि फिरत्या घरांची छायाचित्रे रोज दिसतात, पण तिथे राहायचे नियम कुणी सांगत नाही. काहीजण मग भलत्याच जागी गाडी उभी करून रात्र तणावात काढतात, तर काहीजण ऑनलाइन पैसे भरून फसतात.

कार्ले, मळवली, भाजे, देवले, वेहेरगाव हा सगळा पट्टा पर्यटनाचा आहे, तसाच तो भाताचाही आहे. इथे मुक्कामाला जायचे तर आधी तारीख, मग जागा आणि शेवटी गाडी, या क्रमाने ठरवा. बहुतेक घरांत उलटे होते. आधी गाडी ठरते, मग जोडून आलेली सुट्टी, आणि जागा निघायच्या आदल्या रात्री. अडचणी तिथूनच सुरू होतात.

पहिली पायरी : तारीख भाताला विचारून ठरवा

मावळातले शेत वर्षभर एकसारखे नसते. कोणत्या महिन्यात काय चालू असते, ते पाहा.

- जून-जुलै : तरवे उपटणे, चिखलणी, आवणी. खाचरात घोटाभर पाणी असते आणि घरातली सगळी माणसे शेतात असतात. जड गाडी मातीवर नेण्याचा प्रश्नच येत नाही. पक्क्या आवारात, डांबरी रस्त्याला लागून जागा असेल तरच जा.
- ऑगस्ट-सप्टेंबर : पाऊस कमी-जास्त होतो, शिवार हिरवेगार असते. डोळ्यांना सर्वांत सुंदर काळ हाच, पण जमीन अजून मऊच असते. इथेही पक्की जागा हवी.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : कापणी आणि मळणी. शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न या दिवसांत उघड्यावर पडलेले असते. तुम्हाला काम पाहायचे, हात लावून शिकायचे असेल तर जरूर जा, पण यजमानाला वेळ आहे का ते आधी विचारा.
- डिसेंबर ते फेब्रुवारी : मुक्कामासाठी सर्वांत चांगला काळ. जमीन टणक, आकाश स्वच्छ, रात्री कडाक्याची थंडी. गुलाबाची हरितगृहे असलेल्या शेतांवर मात्र जानेवारीअखेरपासून १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी दिवसरात्र तोडणी आणि पॅकिंग चालते. अशा ठिकाणी त्या पंधरवड्यात जाऊ नका.
- मार्च ते मे : ऊन कडक, विहिरींचे पाणी खाली गेलेले. काही ठिकाणी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याचा धूर असतो. डोंगरात वणव्याची भीती असते. मेअखेरीस काजवे दिसतात. त्यासाठी जाणार असाल तर गाडीचे आणि तंबूचे सगळे दिवे बंद ठेवायची तयारी हवी.

नोव्हेंबरमधली एक गोष्ट जवळून समजून घ्या, कारण सर्वाधिक नुकसान तिच्यामुळेच होते. भात कापून झाले की खाचर ओसाड दिसते. जमिनीत बोटभर धसकटे, मधे भेगाळलेली माती, कडेला पेंढ्याची उडवी. शहरातल्या माणसाला वाटते, मोकळे मैदान आहे, गाडी लावू. पण मावळात बरेच शेतकरी भातानंतर उरलेल्या ओलीवर, वाफसा साधून, हरभरा, मसूर, वाटाणा किंवा पावटा पेरतात. कोंब वर यायच्या आधीचे ते आठ-दहा दिवस शेत रिकामे दिसते, पण खाली बी असते. एक चाक त्यावरून गेले की माती दाबली जाते आणि त्या पट्ट्यात उगवण होत नाही. खाचराचा बांध तर हाताने चिखल लिंपून घातलेला असतो. त्यावर गाडीचे चाक चढले की तो ढासळतो, आणि पुढच्या पावसात त्या खाचरात पाणी टिकत नाही. म्हणून शेत कितीही रिकामे दिसले तरी मालकाने दाखवल्याशिवाय चाक आत घालू नका.

कार्ल्यापुरते आणखी दोन प्रसंग टाळा. चैत्रात एकवीरा आईची यात्रा भरते. मुंबई, ठाणे, रायगडातून कोळी आणि आगरी भाविक मोठ्या संख्येने येतात, चैत्र शुद्ध सप्तमीला पालखी निघते. त्या दिवसांत कार्ला फाट्यापासून वेहेरगावपर्यंत वाहनांची रांग लागते. नवरात्रातही तीच स्थिती. दर्शनालाच जायचे असेल तर गाडीतले घर दूर कुठेतरी उभे करा आणि लोकलने मळवलीला उतरा.

दुसरी पायरी : जागा निवडा

तुमच्यासमोर साधारण चार पर्याय असतात.

१. नोंदणीकृत कृषी पर्यटन केंद्र. आपल्या राज्यात शेतावरच्या पर्यटनाचा पाया २००५ मध्ये बारामतीजवळच्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांच्या प्रयोगाने घातला गेला. राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून प्रमाणपत्र मिळते. फोनवर निःसंकोच विचारा, "तुमच्याकडे पर्यटन संचालनालयाचे प्रमाणपत्र आहे का? त्याचा फोटो पाठवता का?" ज्यांच्याकडे ते असते ते अभिमानाने पाठवतात. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी हाच पर्याय उत्तम.

२. पर्यटन महामंडळाचे किंवा खासगी निवासाचे आवार. कार्ल्याला एमटीडीसीचे पर्यटक निवास आहे. अशा ठिकाणी पाणी, वीज, शौचालय आणि सुरक्षारक्षक असतात. मात्र आवारात गाडी लावू देणे आणि गाडीतच झोपू देणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. दोन्हींबद्दल स्पष्ट विचारा. एक खोली घेऊन बाकीच्यांनी गाडीत झोपायचे, असा मधला मार्ग अनेकदा निघतो.

३. ओळखीच्या शेतकऱ्याचे आवार. मावळात तुमचे नातेवाईक, कार्यालयातले सहकारी किंवा दूधवाले ओळखीचे असतील तर खळ्यावर किंवा घरासमोरच्या अंगणात एक रात्र राहायला कुणी नाही म्हणत नाही. हे पैशाचे नाते नसते, पाहुण्याचे असते. तरीही पाण्याचा आणि जेवणाचा खर्च त्यांच्यावर पडतो. तो कोणत्या रूपाने भरून काढायचा, हे घरातल्या मोठ्या माणसाने निघण्याआधी ठरवावे.

४. जलाशयाच्या काठचे तंबू. पवनेच्या काठी अशी ठिकाणे पुष्कळ आहेत. इथे सर्वाधिक सावध राहा. पवना धरणाच्या बुडीत क्षेत्रातली जमीन जलसंपदा विभागाची आहे. वळवण, शिरोता, ठोकरवाडी हे जलाशय टाटांच्या वीज प्रकल्पाचे आहेत. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली जमीन कुणाची, हा प्रश्न तंबूवाल्याला विचाराच. "आमच्या सातबाऱ्यावरची जागा आहे" असे उत्तर आले तर तंबू पाण्याच्या काठापासून किती लांब आहेत तेही विचारा.

जिथे कधीच मुक्काम करू नये

- कार्ले आणि भाजे लेण्यांचे आवार, लोहगड आणि विसापूर किल्ले. ही संरक्षित स्मारके आहेत. लोहगड तर जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे. तिथे रात्री राहणे, चूल पेटवणे, तंबू ठोकणे चालत नाही.
- द्रुतगती मार्गाची आणि जुन्या महामार्गाची कड. तिथे थांबून झोपणे बेकायदा तर आहेच, पण मागून येणाऱ्या ट्रकमुळे जिवावरही बेतते.
- वनविभागाची जमीन, देवराई आणि गावाचे स्मशान. या जागा बाहेरच्या माणसाला ओळखू येत नाहीत. गावात विचारल्याशिवाय झाडीत गाडी घालू नका.
- नदीचे आणि ओढ्याचे पात्र, पूल, धबधब्याचा पायथा.

तिसरी पायरी : गाडी

भाड्याची कॅरॅव्हॅन घेत असाल तर

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात कॅरॅव्हॅन आणि ती उभी करायची कॅरॅव्हॅन पार्क, दोन्हींच्या नोंदणीची तरतूद आहे. भाड्याने घेताना ही तपासणी करा.

- पाटी पिवळी आहे का, ते पाहा. पांढऱ्या पाटीचे खासगी वाहन भाड्याने देणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.
- गाडीचा क्रमांक एम-परिवहन ॲपवर टाका. विमा, फिटनेस, पीयूसी आणि वाहनाचा प्रकार तिथे दिसतो. दोन मिनिटांचे काम आहे.
- रोजचे किलोमीटर किती, त्यापुढचा दर किती, डिझेल, टोल आणि चालकाचा भत्ता कुणाकडे, चालक कुठे झोपणार, हे सगळे लेखी घ्या. चालकाच्या झोपण्याची सोय न करता त्याला थंडीत पुढच्या सीटवर बसवून ठेवू नका. परतताना घाटातून गाडी त्यालाच उतरवायची असते.
- शौचालयाची टाकी किती लिटरची आणि ती कोण, कुठे रिकामी करणार, हे विचारा.
- जनित्र किती तास चालवता येईल, बॅटरीवर काय काय चालते, एसी थेट विजेशिवाय चालतो का, तेही विचारा.

स्वतः चालवणार असाल तर

हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपर्यंतचे वाहन, ते वाहतूक वर्गातले असले तरी, चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे सर्वसाधारण आकाराच्या कॅरॅव्हॅनसाठी वेगळा परवाना लागत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावरचे एकूण वजन मात्र वाचा. कार चालवण्याची सवय असली तरी उंच गाडीचा तोल वेगळा असतो, आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागते. बोरघाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. द्रुतगती मार्गावर वेग मोजणारे कॅमेरे आहेत, आणि घाटात मर्यादा एकदम खाली येते.

स्वतःच्या कारचे घर करणार असाल तर

मागची सीट पाडून गादी टाकणे किंवा टपावर काढता-घालता येणारा तंबू बांधणे वेगळे, आणि गाडीचा सांगाडाच कापून त्यात ओटा, बेसिन, पलंग बसवणे वेगळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातली मूळ वैशिष्ट्ये बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. कायमस्वरूपी बदल करायचे मनात असेल तर गॅरेजवाल्याकडे जाण्याआधी आरटीओत जा. गॅरेजवाला "चालतं हो, सगळे करतात" म्हणेल, पण दंड तुम्हाला भरावा लागतो.

चालू गाडीत

कॅरॅव्हॅन धावत असताना मुलांना मागच्या पलंगावर झोपवू नका. सगळ्यांनी सीटवर पट्टा लावून बसायचे. गॅसचा रेग्युलेटर बंद, भांडी कपाटात, पाण्याची टाकी शक्यतो अर्धी. इतके केले तर घाटातली वळणे सुखाने पार पडतात.

पैसे भरण्याआधी फोनवर विचारायचे दहा प्रश्न

१. डांबरी रस्त्यापासून आत किती अंतर यायचे, आणि रस्ता किती रुंद?
२. वाटेत खाली आलेल्या विजेच्या तारा, झाडाच्या फांद्या किंवा कमान आहे का? आमच्या गाडीची उंची इतकी आहे.
३. गाडी वळवायला जागा आहे का?
४. उभी करायची जागा मुरमाची, फरशीची की मातीची?
५. वीज कोणत्या मीटरवरून देणार?
६. पाणी बोअरचे, विहिरीचे की टँकरचे?
७. शौचालय आहे का, रात्री वापरता येईल का, त्याला दिवा आहे का?
८. त्या दिवशी दुसरे किती पाहुणे आहेत? मोठ्या आवाजातला कार्यक्रम आहे का?
९. जवळचा दवाखाना कोणता, आणि रात्री मोबाइलला रेंज येते का?
१०. पाऊस किंवा प्रशासनाच्या आदेशामुळे येता आले नाही तर पैसे परत मिळतात का?

पाचव्या प्रश्नाचे कारण सांगतो. अनेक ठिकाणी पाहुण्याला खूश करण्यासाठी शेतकरी मोटरपंपाच्या जोडणीवरून वायर ओढून देतात. शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याचे बिल शेतकऱ्याच्या नावावर येते. शिवाय ही वीज दिवसाचे चोवीस तास नसतेच. घरगुती किंवा पर्यटन केंद्राच्या मीटरवरून वीज मिळणार असेल तरच घ्या, नाहीतर बॅटरीवर भागवा.

मुक्कामात काय पाळावे

पाणी आणि सांडपाणी. कॅरॅव्हॅनमधून दोन प्रकारचे घाण पाणी निघते. भांडी-आंघोळीचे साबणाचे पाणी आणि शौचालयाचे पाणी. शौचालयाची टाकी फक्त सेप्टिक टँक असलेल्या शौचालयातच रिकामी करा, तीही यजमानाला विचारून. टाकीत टाकायचे रसायन सेप्टिक टँकला चालते का, हे पुरवठादाराकडून आधीच समजून घ्या. साबणाचे पाणी ओढ्यात सोडू नका. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी कार्ल्यावरून जाते, आणि पुढे देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. आपण नळीतून सोडलेले पाणी कुणाच्या तरी शेतात, विहिरीत आणि घाटावर पोहोचते. हे ध्यानात ठेवून बादली आणि पसरट तसराळे सोबत घ्या. आठ-दहा भांडी धुवायला एका बादलीत सहज होते.

आग आणि धूर. शेकोटीसाठी जागा विचारा. पेंढ्याच्या उडवीजवळ, गोठ्याजवळ आणि वाळलेल्या गवतात चुकूनही नाही. शेकोटीचे निखारे पाणी ओतून, राख हलवून, हात जवळ नेऊन थंड झाल्याची खात्री करा. लेण्यांच्या आणि कड्यांच्या बाजूला आग्या मोहोळाची पोळी असतात. धुराने आणि उग्र अत्तराने मधमाश्या चवताळतात. हल्ला झाला तर झटापट न करता तोंड-डोके झाकून दूर पळा, गाडीत शिरून काचा बंद करा.

बंद जागेत जळते काही नको. थंडीत ऊब मिळावी म्हणून कोळशाची शेगडी तंबूत किंवा गाडीत घेऊन झोपणे प्राणघातक आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जनित्रही गाडीपासून दूर, धूर दुसरीकडे जाईल असे ठेवा. गॅसवर स्वयंपाक करताना खिडकी उघडी हवी. एवढे एक सूत्र सगळ्या कुटुंबाला पाठ असू द्या: गरम राहायचे ते घोंगडी आणि कपड्यांनी, विस्तवाने नाही.

साप. नाग, घोणस, फुरसे, मण्यार हे चारही इथे आढळतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश अनेकदा कळतही नाही. जमिनीवर उघड्यावर झोपू नका, तंबूची चेन पूर्ण बंद ठेवा, चपला झटकून घाला, बाहेर जाताना बॅटरी हातात असू द्या. दंश झालाच तर जखम कापू नका, करकचून बांधू नका. माणसाला हालू न देता १०८ ला फोन करा आणि सरळ रुग्णालय गाठा.

पाणी पाहिले की उतरणे. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चार जण गेले. या दोन्ही ठिकाणी लोक सहलीलाच आले होते. धरणाच्या पाण्यात काठावरून खोलीचा अंदाज येत नाही, तळाला गाळ असतो. पोहता येत असले तरी उतरू नका. होडीत बसायचे तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. पावसाळ्यात जिल्हाधिकारी पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढतात. निघण्याआधी तो आदेश आणि हवामान खात्याचा इशारा, दोन्ही पाहा.

आवाज आणि मद्य. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे. गाव नऊला झोपते आणि पहाटे चारला गोठ्यात दिवा लागतो, हे त्याहून महत्त्वाचे. सार्वजनिक जागी मद्यपान हा गुन्हा आहे, आणि खासगी जागेतही त्यासाठी परवाना लागतो. एकवीरेच्या परिसरात तर हा विषय लोकांच्या श्रद्धेचा आहे.

छायाचित्रे आणि ड्रोन. आवणी करणाऱ्या बाया वाकून चिखलात काम करत असतात, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली असतात. त्या अवस्थेत त्यांचे फोटो काढून टाकणे त्यांना आवडत नाही, आणि का आवडावे? आधी बोला, विचारा, नाही म्हटले तर कॅमेरा आत ठेवा. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. लोणावळ्यात नौदलाची शिवाजी ही संस्था आहे, लेणी आणि किल्ले संरक्षित आहेत. ड्रोन घरीच ठेवलेला बरा.

शेतातली वस्तू. बांधावरची काकडी, झाडाचा आंबा, वाटाण्याची शेंग तोडू नका. विकत मागा. फवारणी झाली असेल तर मालकच "आज नका खाऊ" म्हणून सांगेल. इथला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला वाण आहे. तो यजमानाच्या घरून थेट घेता आला तर घ्या, दराची घासाघीस करू नका. नवा तांदूळ असेल तर भात करताना पाणी बेताचे घाला, नाहीतर तो फार चिकट होतो.

तुमचे हक्क

पाहुणा म्हणून पाळायच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. पैसे देऊन राहणारे म्हणून तुमचेही हक्क आहेत.

- पावती मागा. आगाऊ रक्कम वैयक्तिक यूपीआयवर भरायला सांगितली तरी मुक्कामाचा दिनांक, माणसांची संख्या, सोयी आणि पैसे परतीची अट असलेला संदेश लेखी घ्या. पूर्ण रक्कम आधी भरू नका.
- ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी. फक्त सुंदर छायाचित्रे आणि एक मोबाइल क्रमांक असलेल्या "कॅम्प"ला पैसे भरण्याआधी व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला सांगा.
- ओळखपत्र मागण्याचा यजमानाला अधिकार आहे. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत द्या.
- सांगितलेली सोय नसेल तर लगेच फोटो काढा, लेखी संदेश पाठवा आणि पैसे कमी करून मागा. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथेही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यानुसार ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.
- प्रशासनाने बंदी घातल्यामुळे जाता आले नाही तर परतावा किंवा पुढची तारीख मागा. ही अट आधीच लेखी असेल तर वाद होत नाही.
- धोका वाटला तर ११२. राष्ट्रीय महामार्गावर बिघाड झाला तर १०३३.

शेतकऱ्याचाही हक्क ध्यानात ठेवा. त्याने जागा नाकारली किंवा निघायला सांगितले तर वाद न घालता निघायचे. बांध मोडला, पीक तुडवले, फाटक उघडे राहून जनावर बाहेर गेले, तर त्याने न मागता भरपाई द्या.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांसाठी

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात मुले असलेल्या अनेक मराठी आईवडिलांना ती मुले सुट्टीत लँकेस्टर काउंटीला, अमिश शेतकऱ्यांच्या मुलुखात, आरव्ही घेऊन नेतात. तिथे सोयी वेगळ्या आहेत. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळू शकते, टाकी रिकामी करायला वेगळी जागा असते. वागण्याचे नियम मात्र कार्ल्यासारखेच.

- अमिश लोक चेहऱ्याचे फोटो काढून घेत नाहीत. ते त्यांच्या धर्मश्रद्धेत बसत नाही. शेताचा, कोठाराचा फोटो दुरून चालेल, माणसाचा नको.
- रविवार उपासनेचा. त्यांची दुकाने, शेतमालाच्या टपऱ्या बंद असतात. खरेदी शनिवारी उरका.
- रस्त्यावर घोड्याच्या बग्ग्या हळू चालतात. मागे नारिंगी त्रिकोण दिसला की वेग कमी करा, भोंगा वाजवू नका, घोडा बुजतो.
- तुम्हाला गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच, आरटीओतून घेऊन जा. आरव्ही भाड्याने देणारी कंपनी तो मान्य करते का, तेही आधी विचारा.

निघण्याच्या सकाळी

- कचरा दोन पिशव्यांत: ओला यजमानाला विचारून खतखड्ड्यात, बाकी सगळा आपल्याबरोबर घरी. प्लॅस्टिक गावात सोडायचे नाही.
- तंबूच्या खुंट्या, दोऱ्या, बाटल्यांची झाकणे मोजून घ्या. गाईबैलांच्या पोटात जातात ती हीच.
- चाकाने पडलेली चाकोरी फावड्याने बुजवा.
- शेकोटीची राख थंड आहे का, पुन्हा पाहा.
- हिशेब पुरा करा, घरातल्या बाईला भेटा. जेवण बहुतेक तिनेच केलेले असते आणि पैसे बहुतेक दुसऱ्याच्या हातात जातात.

एकदाच जाऊन पाहायचे असेल तर

आमचा सल्ला साधा आहे. डिसेंबर किंवा जानेवारीतला आठवड्याच्या मधला एखादा दिवस घ्या. पर्यटन संचालनालयाचे प्रमाणपत्र असलेले, डांबरी रस्त्याला लागून मुरमाची जागा असलेले केंद्र निवडा. पहिल्या खेपेला मोठी कॅरॅव्हॅन घेऊ नका, आपल्याच गाडीने जा आणि त्यांच्या तंबूत किंवा खोलीत एक रात्र राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेले कार्ल्याचे चैत्यगृह पाहा, एकवीरेचे दर्शन घ्या आणि परत या. थंडी किती लागते, मुलांना जमते का, रात्री शौचालयाला जाताना घरच्या ज्येष्ठांना काय त्रास होतो, हे सगळे त्या एका रात्रीत कळते. ते जमले तर पुढच्या वेळी कॅरॅव्हॅनचे भाडे भरा. तोवर यजमानाची ओळखही झालेली असेल, आणि गाडी कुठे लावायची ते तोच तुम्हाला दाखवेल.